पाचवे घुंगरू

मी, पुंडलिक सोनेराव पेंदोर, वय वर्षे सदुसष्ट, जमात गोंड, सेवानिवृत्त मानववंशशास्त्रज्ञ, राहणार उमरखेड, जिल्हा यवतमाळ, आज स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मागे काय कोणाचे ते लिहून ठेवत आहे. माझे वकील विठ्ठलराव यांनी दिलेल्या नमुन्यात ‘माझे मन शुद्ध व स्थिर आहे’ असे वाक्य होते. त्यातला ‘शुद्ध’ शब्द मी खोडला. मन स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बाकीचे पुढची कलमे वाचून ज्याने त्याने ठरवावे.

माझी पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. मला एक मुलगी, प्रियंका. ती नागपुरात शिक्षिका आहे. एक धाकटा भाऊ, डोमाजी, राहणार इरूपगुडा, तालुका उमरखेड. या कागदात डोमाजीचे नाव वारंवार येईल. ते टाळायचा मी प्रयत्न केला, जमले नाही. उभ्या आयुष्यातही जमले नाही.

कलम १. उमरखेड येथील माझे तीन खोल्यांचे पक्के घर, त्यातील भांडीकुंडी, पलंग व शिलाई मशीन यांसह प्रियंकाला द्यावे. मागच्या अंगणातले सीताफळाचे झाड मी लावले आहे. फळ बरे येते. डोमाजीच्या झाडाचे जास्त गोड असते असे प्रियंका लहानपणापासून म्हणत आली. तिने तोंडावर खोटे बोलू नये, पण माझ्या तेराव्याला तरी हे बोलू नये.

कलम २. इरूपगुडा शिवारातील वडिलोपार्जित सहा एकरांपैकी माझ्या वाट्याचे तीन एकर डोमाजीला द्यावेत. तसेही बेचाळीस वर्षे तोच कसतो आहे. सगळा तालुका नव्या बियाण्याच्या कापसामागे धावला तेव्हा त्याने माझ्या तीन एकरांत ज्वारी आणि तूर पेरली. मी त्याला जुनाट म्हणालो. पुढे कापसाने गावोगाव जे केले ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या दोन वर्षांत आमच्या गुड्यातल्या अर्ध्या घरांनी डोमाजीच्या कणगीतली ज्वारी खाल्ली. त्याबद्दल त्याने मला एका शब्दाने टोमणा मारला नाही. मारला असता तर मला बरे वाटले असते.

कलम ३. माझ्या एक्केचाळीस वह्या, फोटो व दोनशे चौदा कॅसेट गावच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्याव्यात. कॅसेटच्या डब्यांवर ‘माहितगार : एक स्थानिक शेतकरी’ असे जिथे जिथे लिहिले आहे ते तसेच ठेवावे. तो शेतकरी कोण, असे कोणी विचारलेच तर ग्रंथपालांनी माहीत नाही म्हणून सांगावे.

कलम ४. सत्कारात मिळालेली माझी शाल नागपूरच्या प्राध्यापिका डॉ. विमलताई यांना द्यावी. आमच्या कुळाचा भाला परदेशातून परत आला, त्यावर विमलताईंनी निबंध लिहिला, आणि त्या निबंधाला दिल्लीत पुरस्कार मिळाला. बावीस वर्षे पत्रव्यवहार मी केला. निबंधात माझे नाव शेवटच्या पानावर, आभारांत, झेरॉक्सवाल्याच्या वर एक ओळ आहे. दिल्लीला त्यांना मिळालेली शाल मी फोटोत पाहिली. जाड आहे, काठाला जर आहे. माझी पातळ आहे. दोन्ही एकत्र ठेवून त्यांनी फरक पाहावा.

विठ्ठलराव म्हणतात, मृत्युपत्रात एवढे लिहीत नाहीत. मी म्हणालो, मग कशात लिहितात?

कलम ५. आता भाल्याबद्दल. तो माझी मिळकत नाही, परंतु पुढचे कलम समजण्यासाठी हे लागेल.

आम्ही गोंडांतले सहा देवे, म्हणजे सहा देव मानणाऱ्या कुळांपैकी. आमचा कुळदेव, ज्याला आम्ही पेन म्हणतो, तो म्हणजे लोखंडी भाल्याचे एक पाते, त्याला बांधलेला चवर आणि पाच पितळी घुंगरे. तो मोहाच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत राहतो आणि वर्षातून एकदा, पूस महिन्यात, बाहेर निघतो. त्याला हात लावायचा तो फक्त कटोड्याने. कटोडा म्हणजे कुळाचा पुजारी. हा मान थोरल्या मुलाचा.

१९२४ साली जंगलखात्याचा एक साहेब तो भाला घेऊन गेला. पुढे तो समुद्रापलीकडच्या एका संग्रहालयात पोचला. त्याच्या कार्डावर लिहिले होते, ‘गावकऱ्यांनी प्रेमाने भेट दिली’. तेव्हापासून आमचे कटोडे रिकाम्या ढोलीपुढे पूजा करत आले. आधी आजोबा, मग बाबा.

बाबा १९६६ साली वारले तेव्हा मी नागपुरात एम.ए.ला होतो. थोरला मी. गावची चार माणसे मला न्यायला आली. परीक्षा आठ दिवसांवर होती. मी म्हणालो, “तोवर डोमाला बसवा, तात्पुरतं.” डोमाजी अजून तात्पुरता आहे.

मी पदवी घेतली, संग्रहालयांत नोकऱ्या केल्या, आणि जिथे जिथे आदिवासींच्या वस्तूंवर खोटी कार्डे लागली होती तिथे तिथे भांडलो. कोलामांचा एक ढोल, प्रधान गायकांच्या दोन किंगऱ्या, लाकडी मुखवटे, अशा एकतीस वस्तू मी आयुष्यात माघारी आणल्या. आमच्या भाल्यासाठी पहिले पत्र १९८४ साली लिहिले. १९९८ साली तिथे जाऊन, पांढरे हातमोजे घालून, चाळीस मिनिटे तो हातात धरला. वजन एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. पात्याला डाव्या बाजूला एक खाच आहे. घुंगरे पाच. आमच्या कुळातल्या जिवंत माणसांत हे पाहिलेला त्या दिवशी मी एकटा होतो, आणि परत येताना विमानात मी खुशीने रडलो. मनात एवढेच होते की डोमाने हे पाहिलेले नाही.

संग्रहालयवाल्यांना पुरावा हवा होता, की भाला आमचाच. आमच्या कुळाची वंशावळ गाणारा प्रधान १९७९ सालीच मेला होता. ती चौदा पिढ्यांची गाथा डोमाजीला तेवढी पाठ. मी टेप केली, भाषांतर केले, पाठवले. त्यांचे उत्तर आले : आपले पाच शोधनिबंध उपयुक्त आहेत, परंतु स्थानिक शेतकऱ्याची साक्ष निर्णायक ठरली. ते पत्र मी कुणाला दाखवलेले नाही. आमची आई, मथुराबाई, नेहमी म्हणायची, “पुस्तकातलं असन तं पुंडलिकले इचारा. खरं असन तं डोमाले इचारा.” संग्रहालयवाल्यांना तिनेच कळवले असावे, असे मला तेव्हा वाटून गेले.

कलम ६. भाला मार्च २००६ मध्ये आला. ती वर्षे अशी होती की दिल्ली-मुंबईचे पत्रकार आमच्या जिल्ह्यात रोज एखाद्या दारी उभे असत. कापसाचे मरण टिपायला आलेले ते लोक. माझ्या भाल्याकडे त्यांतला एकही फिरकला नाही. मला त्या दुःखी घरांचाही हेवा वाटला. हे लिहिताना शरम वाटते, पण वाटला हे खरे.

मी समाजमंदिरात काचेची पेटी करून घेतली होती. आत दिवा, खाली पाटी, पाटीवर माझे नाव. डोमाजी आला. त्याने पेटीकडे पाहिलेही नाही. खोक्यातून भाला काढला, नुसत्या हातांनी, आणि आपल्या पागोट्यात गुंडाळून पैनगंगेवर नेला. ब्याऐंशी वर्षे कोरड्या हवेत जपलेले लोखंड त्याने डोहात बुडवून धुतले. भाल्यासोबत आलेल्या संग्रहालयाच्या बाईंनी डोळे मिटले. मग डोमाजीने तेल लावले, हळद लावली आणि ढोलीत ठेवून दिला. सगळा प्रकार अर्ध्या तासात आटोपला. लोक ढसाढसा रडत त्याच्या पाया पडत होते. त्या काचेच्या पेटीत सध्या लाउडस्पीकरचे कर्णे ठेवतात.

आमच्या कुळाचा एक रिवाज आहे. ज्याने कटोडेपण सोडले, त्याने पेन बाहेर निघताना पाठ फिरवून बसायचे. ते सोडणारा आजवरच्या पिढ्यांत मी एकटाच. म्हणजे ज्याने भाला आणला त्यालाच तो पाहायची बंदी. गेले दोन पूस मी त्या मोहाच्या झाडाकडे पाठ करून, तुरीच्या काड्यांकडे तोंड करून बसलो. मागे माझा धाकटा भाऊ घुंगरे एकेक करून वाजवत होता, आणि मी मोजत होतो. एक. दोन. तीन. चार.

कलम ७. पाचवे माझ्याकडे आहे.

सोपवणीच्या आदल्या दुपारी खोका माझ्या घरी होता. कार्डाबरहुकूम वस्तू तपासण्यासाठी मी तो उघडला. एका घुंगराचा दोरा प्रवासात तुटून ते स्पंजात पडले होते. मी तोडले नाही. बांधूनही ठेवले नाही. उद्यापासून हे सगळे डोमाचे, असे मनात आले आणि हात खिशात गेला. सोपवणीच्या कागदावर मी लिहिले : ‘घुंगरे चार, पाचवे पूर्वीपासून गहाळ.’ संग्रहालयाच्या बाईंनी माझ्या शब्दावर विसंबून सही केली. दुसऱ्यांच्या खोट्या कार्डांवर चाळीस वर्षे भांडलेल्या माणसाने केलेली ही पहिली खोटी नोंद. त्यावर कहर म्हणजे, सवयीने, मी त्या घुंगराला चिठ्ठी बांधून क्रमांकही दिला. माझ्या टेबलाच्या खणात ते आहे. क्रमांक एक. दुसरी वस्तू त्या संग्रहात नाही.

एका घुंगराने काय बिघडते, असे मी स्वतःला सांगत होतो. भाला परत आल्यावर १९२४ पासूनच्या सगळ्या मेलेल्यांना पेनात मिळवायचा मोठा विधी व्हायचा होता. त्यात आमची आईही होती, ती १९९१ साली गेली. पहिल्या पुसाला लोक जमले तेव्हा डोमाजी म्हणाला, “अंदा नाई. पुढच्या पुसाले पाहू.” दुसऱ्या पुसालाही तेच. मी त्यावर लेख लिहिला. कापूस बुडाल्यामुळे पंक्तीचे धान्य उरले नाही आणि म्हणून परंपरागत विधी लांबणीवर पडतात, असे त्यात सप्रमाण मांडले. लेखाची वाहवा झाली. डोमाजीची कणगी भरलेली होती, हे मला दिसत होते.

गेल्या महिन्यात कलम ३ साठी कॅसेटची यादी करताना मी अठ्ठ्याऐंशी क्रमांकाची कॅसेट लावून पाहिली. मे १९८६ ची. गाथेच्या मधेच थांबून डोमाजी सांगतो, “मेलेला माणूस पाच घुंगरानं येते, दादा. चार घुंगरं चार वाटा मोकळ्या करते, अन पाचवं त्याचं नाव घेते. पाचवं नाई वाजलं तं तो शिवेवरच उभा राह्यते.” त्यावर माझा आवाज येतो, घाईचा : “बरं, ते असू दे. पुढची नावं सांग.”

हे मी उतरवून घेतलेच नव्हते. मला फक्त नावे हवी होती.

मेल्यानंतर काही उरते असे मी मानत नाही. तसे माझ्या पुस्तकात छापले आहे. पण आई दोन वर्षे माझ्या टेबलाच्या खणापायी शिवेवर उभी आहे, हे कळल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा माझ्या मरणानंतर, आधी नव्हे, सदर घुंगरू डोमाजीला द्यावे. आधी देण्याइतके माझे तोंड नाही.

पुरवणी

वरचा मजकूर काल लिहून झाला. ही पुरवणी आज, नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर, विठ्ठलरावांच्या नाराजीला न जुमानता लिहीत आहे.

साक्षीला दोन माणसे लागतात. एक माझे शेजारी किसनराव, निवृत्त एसटी कंडक्टर. दुसरे येणार होते ते नेरला लग्नाला गेले. डोमाजी तुरीचे बियाणे घ्यायला आजच उमरखेडला आला होता. कृषी केंद्राच्या रांगेत किसनरावांना दिसला आणि ते त्याला घेऊनच आले.

विठ्ठलराव म्हणाले, “हे चालणार नाही. ज्याला मिळायचं त्यानं साक्षीला उभं राहू नये. पुढे कज्जा होतो.”

“मले काय भेटून राह्यलं?” डोमाजीने विचारले.

मी विठ्ठलरावांना खूण केली. त्यांनी ती पाहिली नाही. “तीन एकर जमीन,” ते म्हणाले, “आणि एक पितळी घुंगरू.”

डोमाजी खांद्यावरची बियाण्याची थैली खाली ठेवून माझ्या शेजारी बसला. मग विठ्ठलरावांना म्हणाला, “जमीन माया पोराच्या, अतुलच्या नावानं करा. मले नोको. अन घुंगरू कायले लिवलं? ते त्याचं हाय का, लिवून द्याले?”

चाळीस वर्षे मी मोठमोठ्या संग्रहालयांना हेच ऐकवत होतो.

मी विचारले, “तुला कधी कळलं?”

“पहिल्याच पुसाले. तू पाठ करून बसलता. मी चार वाजवले अन थांबलो, तं तुया खांदा हालला. बाकी समदे बसून होते गुपचूप. त्यायले मालूमच नाई किती वाजाचे ते. म्या म्हनलं, दादाले मालूम हाय.”

“मग मागितलं काहून नाही?”

“मांगतलं असतं तं तू देल्लं असतं,” तो म्हणाला. “मंग तू चोर झाला असता, समद्या गावासमोर. म्हून थांबलो. माय बी थांबली. तिले सवय हाय तुयी वाट पाह्याची. तू नागपूरले होता तवा सांजीले तुयंच ताट पह्यले वाढे अन झाकून ठेवे. मी मांगतलं तं म्हने, ते पुंडलिकचं हाय, हात नोको लावू.”

हे मला कोणी सांगितले नव्हते. मी आयुष्यभर दोनशे चौदा कॅसेट भरल्या, पण आपल्याच घरात काय चालते हे विचारायचे राहून गेले. मी त्याला म्हणालो, “मला तुझा हेवा वाटत आला, डोमा. पहिल्यापासून. अजून वाटतो.”

“मले बी तुया ताटाचा वाटे,” तो म्हणाला. “भूक लागे ना.”

मी किसनरावांना घराची किल्ली दिली. त्यांनी खणातून घुंगरू आणले. डोमाजीने दाताने चिठ्ठीचा दोरा तोडला, चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि घुंगरू पागोट्याच्या टोकाला बांधले. तेही नुसत्या हातांनी. मला त्याचा पुन्हा राग आला.

सबब खालील बदल करीत आहे.

कलम २ मधील जमीन डोमाजीचा मुलगा अतुल यास द्यावी.

कलम ३ मधील डबे ग्रंथपालांनी एकेक करून पुसावेत आणि प्रत्येकावर लिहावे : ‘डोमाजी सोनेराव पेंदोर, कटोडा, यांनी सांगितले. त्यांचे बंधू पुंडलिक यांनी घाईत ऐकले.’

कलम ४ तसेच राहील. विमलताईंना सगळे माफ करण्याइतका मी अजून आजारी नाही.

कलम ७ रद्द. जी वस्तू माझी नाही ती मी देऊ शकत नाही. सोपवणीच्या कागदातली माझी नोंद खोटी होती, असे पत्र मी त्या परदेशी संग्रहालयाला आजच टपालात टाकत आहे. कापूस आणि विधी यांवरचा माझा लेखही मागे घेतो.

शेवटची इच्छा. येत्या पुसाला सगळ्यांना मिळवायचे ठरले आहे. आईला पहिले. त्या दिवशी मी जिवंत असलो तर रिवाजाप्रमाणे पाठ फिरवून बसेन आणि पाचापर्यंत मोजेन. नसलो, तर डोमाजीने मलाही मिळवावे, नाव पुंडलिकच घ्यावे, आणि वाजवताना पाते माझ्या बाजूला धरावे. मेलेल्याने पाठ फिरवावी असा आमच्यात रिवाज नाही. मी विचारून घेतले आहे.

येणेप्रमाणे कागद वाचून, समजून, खाडाखोडीसह कबूल करून खाली सही करीत आहे.

(सही) पुंडलिक सोनेराव पेंदोर

साक्षीदार पहिले : किसनराव, राहणार उमरखेड. पुंडलिकराव शुद्धीवर आहेत, रडत आहेत, आणि सही त्यांनी माझ्यासमोर केली.
(सही)

साक्षीदार दुसरे : डोमाजी सोनेराव पेंदोर, कटोडा, राहणार इरूपगुडा. लिहिता येत नसल्याने बोलले तसे उतरवून घेतले : “दादानं माया डोयापुढं सही केली. कोनी जबरी केली नाई. तात्पुरता म्हून बसवलं होतं मले, तसा मी अजून बसून हाय. घुंगरू भेटलं. आता पाच झाले.”
(डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ : उमरखेड
दिनांक : ९ जून २००८